‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणजे नेमकं करायचं काय? तब्येतीसाठी सकारात्मक विचारांची सवय लावण्याच्या पायऱ्या

एखाद्या आजाराचं निदान झालं, रिपोर्टमधला आकडा वाढला किंवा झोप उडाली, की भेटणारा प्रत्येक जण काही ना काही सल्ला देतो. मीठ कमी करा, रोज चाला, गोळी चुकवू नका, हे सल्ले कळतात, कारण त्यात काय करायचं ते सांगितलेलं असतं. मग येतो तो ठरलेला सल्ला: ‘पॉझिटिव्ह राहा!’ आपण मान डोलावतो, घरी येतो आणि कोड्यात पडतो. उद्या सकाळी उठून नक्की करायचं काय? आरशासमोर उभं राहून ‘मी ठणठणीत आहे’ म्हणायचं? रडू आलं तर गिळायचं? भीती वाटली तर आपलंच काही चुकतंय असं समजायचं?

रक्तदाबाचं निदान झाल्यावर मी या गोंधळातून गेले आहे. पुष्कळ वाचलं, बरंच करून पाहिलं, काही गोष्टी सोडून दिल्या. त्यातून एक कसोटी हाती लागली आणि ती मी आजही वापरते: हा विचार मनात आल्यावर मी तब्येतीसाठी काही करायला उठते का? उठत असेन तर विचार कामाचा, मग तो फारसा गोड नसला तरी चालेल. खाली दिलेल्या पायऱ्या याच कसोटीवर निवडल्या आहेत.

आधी अपेक्षा जागेवर आणा

सकारात्मक विचारांचा तब्येतीशी संबंध आहे का? आहे, आणि तो बऱ्यापैकी तपासला गेला आहे. २०१९ साली अमेरिकेतल्या सुमारे ७०,००० स्त्रिया आणि १,४०० हून अधिक पुरुषांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून असं दिसलं की सर्वांत आशावादी गटातल्या लोकांचं आयुर्मान सर्वांत कमी आशावादी गटापेक्षा सरासरी ११ ते १५ टक्क्यांनी जास्त होतं. त्याच वर्षी १५ अभ्यासांची, म्हणजे जवळजवळ २ लाख ३० हजार लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यात आशावादी लोकांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटनांचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आढळला.

आकडे मोठे आहेत, म्हणूनच ते जपून वाचायला हवेत. आशावादी लोक जास्त चालतात, कमी धूम्रपान करतात, औषधं वेळेवर घेतात, डॉक्टरांकडे वेळेत जातात. त्यांना माणसंही जास्त असतात. आशेचा बराचसा फायदा या रस्त्याने शरीरापर्यंत पोहोचतो. दुसरा रस्ता ताणाचा आहे. सतत धोक्याच्या विचारात राहिलं की कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनलिन ही ताणाची संप्रेरकं वारंवार वाढतात, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वर जातो, झोप उथळ होते. थोडा वेळ असं होणं शरीराला सहज झेपतं, महिनोन्‌महिने चाललं तर जड जातं. आणि तिसरी शक्यता उलट दिशेची आहे: ज्यांची तब्येत मुळात चांगली आहे त्यांनाच आशावादी राहणं सोपं जातं. ब्रिटनमधल्या ७ लाखांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१५ साली आले. सुरुवातीची तब्येत आणि सवयी हिशेबात धरल्यावर नुसतं आनंदी असणं आणि मृत्यूचं प्रमाण यांत थेट संबंध उरला नाही.

आजारी माणसासाठी आणखी एक अभ्यास फार महत्त्वाचा आहे. डोकं आणि मान या भागाच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांची मनःस्थिती आणि ते किती काळ जगले याची तुलना २००७ साली प्रसिद्ध झाली. मनःस्थितीवरून आयुष्याचा अंदाज बांधता आला नाही. म्हणजे कुणाचा आजार बळावला तर ‘त्याने मनातून हार मानली’ असं म्हणायला आधार नाही. हे वाक्य मी रुग्णालयांच्या बाकांवर इतक्यांदा ऐकलं आहे की इथे मुद्दाम लिहिते आहे.

थोडक्यात, विचारांची सवय उपचारांच्या जोडीला ठेवायची. गोळी बंद करण्याचं कारण म्हणून ती कधीच वापरू नका.

काय लागेल

- एक साधी वही आणि पेन. मोबाईलवरही लिहिता येतं, पण लिहायला उघडलेला मोबाईल दुसरीकडेच नेतो.
- घेत असलेल्या औषधांची यादी आणि शेवटचे तपासणी रिपोर्ट.
- रक्तदाब किंवा साखर घरी मोजत असाल तर ते यंत्र आणि आधीच्या नोंदी.
- रोजचा दहा मिनिटांचा ठरलेला वेळ. आधीच असलेल्या एखाद्या कामाला तो जोडून टाका, उदाहरणार्थ रात्रीची गोळी घेतल्यानंतर.
- एक माणूस, ज्याच्यासमोर ‘आज वाईट दिवस गेला’ एवढं बोलता येईल.

महागडी शिबिरं, ‘ऊर्जा’ देणाऱ्या वस्तू, सकाळी ढिगाने येणारे सुविचार, यातलं काहीही लागत नाही.

१. सुरुवातीची नोंद घ्या

आज आपण कुठे आहोत हे लिहून ठेवलं नाही तर पुढे बदल झाला की नाही हे कळणारच नाही. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची एक छोटी प्रश्नावली आहे, ती १९९८ पासून वापरात आहे. गेल्या दोन आठवड्यांचा विचार करून प्रत्येक विधानाला ० (कधीच नाही) ते ५ (सतत) गुण द्यायचे. विधानं साधारण अशी: मला आनंदी आणि उत्साही वाटलं. मला शांत आणि निवांत वाटलं. मला अंगात तरतरी जाणवली. उठताना ताजंतवानं, झोप पूर्ण झाल्यासारखं वाटलं. माझा दिवस मला रस वाटेल अशा गोष्टींनी भरलेला होता.

बेरीज २५ पैकी येईल. ती तारखेसह वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

बेरीज १३ पेक्षा कमी आली तर नैराश्यासाठी तपासणी करून घेतलेली बरी, असा या प्रश्नावलीचा संकेत आहे. नुसत्या गुणांवरून निदान होत नाही, पण डॉक्टरांशी बोलायला तेवढं कारण पुरेसं आहे. आणि जगणं नकोसं वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर हा लेख इथेच थांबवा. आत्ताच जवळच्या माणसाला सांगा, तुमच्या भागातल्या मदतवाहिनीला फोन करा किंवा रुग्णालयात जा. ती परिस्थिती वहीने हाताळण्यासारखी नसते.

२. विचार जसाच्या तसा पकडा

पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, फक्त टिपायचं. डोक्यात वाक्यं इतक्या वेगाने येऊन जातात की ती विचार आहेत हेच लक्षात येत नाही, ती वस्तुस्थितीच वाटतात. मानसोपचारतज्ज्ञ एरन बेक यांनी १९६०च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांमध्ये हे ओळखलं, त्यांना ‘आपोआप येणारे विचार’ म्हटलं आणि त्यातूनच आजची संज्ञानात्मक उपचारपद्धती, म्हणजे विचार तपासून बदलण्याची पद्धत, उभी राहिली.

पानावर तीन रकाने आखा: काय घडलं, मनात कोणतं वाक्य आलं, त्यानंतर मी काय केलं.

तिसरा रकाना लोक गाळतात, आणि खरी माहिती तिथेच असते. समजा, रिपोर्टमध्ये साखर वाढलेली दिसली. वाक्य आलं, ‘एवढं करूनही काही उपयोग नाही.’ नंतर काय केलं? चालायला जाणं रद्द. दुसऱ्या दिवशी गोळी विसरले. पुढची तपासणी ढकलली. एका वाक्याने तीन दिवसांचं नुकसान केलं. ‘उपयोग नाही’ हा विचार वाईट का, तर तो नकारात्मक आहे म्हणून नव्हे, त्याने माणसाला बसवून ठेवलं म्हणून.

वाक्य लिहिताना ते सभ्य करू नका. मनात ‘मी मूर्ख आहे’ आलं असेल तर ‘मला थोडी निराशा वाटली’ असं लिहू नका. वही कुणी वाचणार नाही. वाचेल अशी भीती असेल तर पान फाडून टाका, पण लिहा.

३. वाक्याला तीन प्रश्न विचारा

दुसऱ्या आठवड्यापासून ही पायरी घ्या. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो, म्हणून सावकाश करा.

मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी वाईट घटनेचं कारण माणूस स्वतःला कसं समजावतो याचा अभ्यास केला. निराश माणसाच्या स्पष्टीकरणात तीन गोष्टी वारंवार दिसतात: हे कायमचं आहे, हे सगळीकडेच असं आहे, आणि हे सगळं माझ्यामुळेच आहे. म्हणून वहीतल्या वाक्याला हे विचारा:

हे खरंच कायमचं आहे, की आत्तापुरतं?
हे सगळ्याच बाबतीत खरं आहे, की या एका गोष्टीत?
हे सगळं माझ्याच हातात होतं, की दुसरीही कारणं आहेत?

आता साखरेच्या त्याच रिपोर्टकडे पुन्हा बघा. ‘एवढं करूनही काही उपयोग नाही.’ कायमचं? तीन महिन्यांपूर्वीचा आकडा यापेक्षा वाईट होता, मागचं पान उघडा आणि बघा. सगळीकडे? वजन थोडं उतरलं आहे, दम कमी लागतो. माझ्यामुळेच? या महिन्यात दुसऱ्या आजारासाठी वेगळं औषध चालू होतं, झोपही नीट नव्हती. हे सगळं मांडल्यावर नवं वाक्य काहीसं असं होतं: ‘या महिन्यात साखर वाढली आहे. कारणं दोन-तीन असू शकतात. नव्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारते, चालणं उद्यापासून पुन्हा.’

हे वाक्य आनंदी आहे का? अजिबात नाही. पण त्यात उद्या करायच्या दोन गोष्टी आहेत.

इथे तीन ठिकाणी लोक अडकतात.

एक म्हणजे उलटं वाक्य लिहिणं. ‘मी आजारी आहे’ खोडून ‘मी पूर्ण निरोगी आहे’ लिहायचं. मनाला ते खोटं आहे हे माहीत असतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य स्वतःशी म्हणायला सांगितलं होतं. ज्यांचा आत्मविश्वास आधीच चांगला होता त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचा कमी होता, म्हणजे ज्यांना हे वाक्य सर्वांत जास्त हवं असं आपण धरून चालतो, त्यांना आणखी वाईट वाटलं. तेव्हा नवं वाक्य असं हवं की कोर्टात शपथेवर सांगता येईल.

दुसरा अडथळा, तिसऱ्या प्रश्नाचा गैरवापर. ‘माझ्यामुळे नाही’ असं म्हणून सगळीच जबाबदारी झटकायची. गोळी तुम्हीच चुकवली असेल तर तसं लिहा आणि पुढे ‘ही डबी आता टूथब्रशशेजारी ठेवते’ हेही लिहा.

तिसरा, घाई. दुःखाची बातमी आल्या दिवशी हे करायला बसू नका. जवळचं माणूस गेलं असेल, मोठं निदान आजच कळलं असेल, तर तिथे तपासण्यासारखा चुकीचा विचार नाही, दुःख आहे. त्याला वेळ द्या.

स्वतःशी बोलताना फार गुंतायला होत असेल तर एक छोटी युक्ती करून पाहा: ‘मी’ ऐवजी स्वतःचं नाव घेऊन विचारा, जसं मैत्रिणीला विचाराल. ‘आता हिने काय करावं?’ मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या २०१४ सालच्या प्रयोगांत असं बोलणाऱ्यांना ताणाच्या प्रसंगाकडे थोडं लांबून पाहता आलं. पहिल्यांदा हसू येतं. मनातल्या मनात करा.

४. स्वप्न रंगवा, पण अडथळ्यासकट

‘डोळे मिटा आणि तुम्ही पूर्ण बरे झाला आहात असं चित्र पाहा.’ हा सल्ला सर्वत्र मिळतो. त्याबाबत गॅब्रिएल एटिंगन या मानसशास्त्रज्ञांचं संशोधन डोळ्यात अंजन घालणारं आहे. वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात आलेल्या स्त्रियांवरचा त्यांचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. ‘मला हे जमेल’ अशी अपेक्षा ज्यांना होती त्यांचं वजन जास्त उतरलं. मात्र सडपातळ झाल्याची गुलाबी चित्रं मनात रंगवणाऱ्यांचं कमी उतरलं. नंतरच्या प्रयोगांत असंही दिसलं की अशा सुखद कल्पनेनंतर अंगातला जोर मोजण्यासाठी घेतलेला वरचा रक्तदाब खाली येतो. शरीर सैलावतं, जणू काम होऊनच गेलं आहे. निवांत पडायचं असेल तेव्हा ते छानच, चालायला बाहेर पडायचं असेल तेव्हा उपयोगाचं नाही.

म्हणजे अपेक्षा आणि दिवास्वप्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली ठेवायची आणि दुसरीला लगेच अडथळा जोडायचा. एटिंगन यांची पद्धत चार टप्प्यांची आहे:

इच्छा: येत्या काही आठवड्यांत जमेल अशी एकच निवडा. ‘तब्येत सुधारायची’ चालणार नाही. ‘आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालायचं’ चालेल.
फळ: ते झालं तर सगळ्यात चांगलं काय होईल? मिनिटभर नीट डोळ्यासमोर आणा.
अडथळा: तुमच्या आत काय आडवं येतं? पाऊस, ऑफिस, पाहुणे ही बाहेरची कारणं झाली. आतलं शोधा. ‘संध्याकाळी घरी आले की आधी पाच मिनिटं आडवी होते आणि मग उठवत नाही.’
जर-तर: अडथळ्यालाच घंटा बनवा. ‘जर घरात शिरल्यावर आडवं व्हावंसं वाटलं, तर बॅग ठेवून चपला न काढता तशीच परत बाहेर पडेन.’

जर-तर वाक्याची ताकद मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातून आली आहे. वेळ आणि जागा आधीच ठरलेली असली की त्या क्षणी मनाशी वाद घालावा लागत नाही. वाक्य कागदावर लिहा आणि अडथळा जिथे भेटतो तिथेच लावा. माझा कागद बरेच दिवस दाराच्या आतल्या बाजूला होता.

अडथळा शोधताना कधीकधी कळतं की इच्छाच आपली नाही, कुणीतरी सांगितली म्हणून धरली होती. मग ती सोडून द्या, दुसरी घ्या. हाही या पायरीचा फायदाच आहे.

५. चांगल्या गोष्टींची नोंद

झोपण्यापूर्वी दिवसातल्या तीन बऱ्या गोष्टी आणि प्रत्येकीसमोर ती का घडली हे लिहायचं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना हे फक्त एक आठवडा करायला सांगितलं होतं. त्यांच्या आनंदात वाढ आणि नैराश्याच्या लक्षणांत घट सहा महिन्यांपर्यंत दिसली. ज्यांनी आठवड्यानंतरही आपणहून चालू ठेवलं त्यांना जास्त फायदा झाला.

‘का घडली’ हा भाग सोडू नका. ‘दुपारी डोकेदुखी झाली नाही’ ही झाली घटना. ‘कारण मी पाणी प्यायले आणि जेवण टाळलं नाही’ हे लिहिल्यावर त्यात तुमचा हात दिसतो आणि उद्या परत तसं करता येतं.

रोज तेच तेच लिहून कंटाळा आला तर आठवड्यातून एकदाच करा. चांगलं काय घडलं ते मोजण्याची सक्ती वाटू लागली, ‘माझ्यापेक्षा किती तरी लोक वाईट अवस्थेत आहेत’ अशी तुलना सुरू झाली, तर काही दिवस थांबवा. दुसऱ्याच्या दुःखावर बेतलेलं समाधान फार टिकत नाही, अपराधी मात्र वाटतं.

६. शरीराकडून सुरुवात

काही दिवशी विचारांशी बोलून काही होत नाही. झोप अपुरी झालेली असते, दिवसभर बसून काढलेला असतो, भूक मारलेली असते. अशा वेळी वही मिटून वीस मिनिटं चाला किंवा सावकाश श्वास घ्या, घेण्यापेक्षा सोडायला थोडा जास्त वेळ देत. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास होतील इतका संथ. मग वही उघडा. रात्री दोन वाजता सुचलेले निष्कर्ष सकाळपर्यंत लागू करायचे नाहीत, हा नियम घरात सगळ्यांनी पाळावा असा आहे.

७. वाईट दिवसाची सोय आधीच करा

‘नकारात्मक विचार आणायचाच नाही’ असं ठरवलं की काय होतं हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांनी १९८७ साली दाखवलं. लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. अस्वल येतच राहिलं. आणि नंतर विचार करायची मोकळीक दिल्यावर ते आधीपेक्षा जास्त आलं. तपासणीच्या आदल्या रात्री ‘भीती नको, भीती नको’ म्हणणाऱ्याचं असंच होतं.

भीतीला दिवसातली पंधरा मिनिटं द्या. घड्याळ लावा, जे वाटतं ते सगळं लिहा, शुद्धलेखन, क्रम, तर्क काही बघू नका. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ साली विद्यार्थ्यांना सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं आपल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवाबद्दल लिहायला लावलं. लिहिल्यावर लगेच त्यांना वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतर झालेल्या अनेक अभ्यासांत परिणाम लहान दिसला आहे, त्यामुळे चमत्काराची वाट पाहू नका. आणि लिहून दोन-तीन दिवसांनीही जास्तच ढवळून निघत असाल, जुना आघात पुन्हा जिवंत होत असेल, तर एकट्याने पुढे जाऊ नका. हे काम समुपदेशकाबरोबर करण्याचं आहे.

काही माणसांचा स्वभावच आधी वाईटाचा विचार करण्याचा असतो. शस्त्रक्रियेपूर्वी काय काय बिघडू शकतं याची यादी करून, प्रत्येकावर उपाय शोधल्यावरच त्यांना झोप लागते. मानसशास्त्रज्ञ जुली नोरेम आणि नॅन्सी कँटर यांनी १९८६ साली अशा लोकांचा अभ्यास केला. त्यांना जबरदस्तीने धीर देऊन ही तयारी करण्यापासून थांबवलं की त्यांची कामगिरी घसरते असं दिसलं. तुम्ही असे असाल तर खुशाल यादी करा. यादीतून तयारी निघते आहे ना, एवढंच बघा. स्वीडनमधल्या जुळ्यांच्या अभ्यासानुसार आशावादात आनुवंशिकतेचा वाटा साधारण एक चतुर्थांश आहे. स्वभाव मुळापासून बदलायचा खटाटोप करायला नको, आणि बदलायला जागाही बरीच उरते.

८. घरच्यांशी बोलून ठेवा

घरचे ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणतात तेव्हा बहुतेकदा ते स्वतः घाबरलेले असतात. त्यांच्याशी भांडण्याऐवजी त्यांना काम द्या. ‘मला धीर नको, पण सोमवारी तपासणीला सोबत या.’ ‘मी रडले तर गप्प बसून ऐका, उपाय सांगू नका.’ ‘संध्याकाळी सहाला मला फिरायला ओढून न्या, मी नाही म्हटलं तरी.’

तुम्ही स्वतः कुणाची काळजी घेत असाल तर ‘सगळं ठीक होईल’ या वाक्याला थोडी सुट्टी द्या. त्याने समोरच्याचं बोलणं तिथेच संपतं. ‘आज सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतोय?’ असं विचारलं की तो बोलायला लागतो, आणि कधीकधी उत्तर अगदी साधं निघतं: उशी, उजेड, औषधाची कडू चव.

९. सहा आठवड्यांनी हिशेब करा

सवय २१ दिवसांत लागते हा आकडा विसरा. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० सालच्या अभ्यासात रोजची एखादी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. म्हणून सहा आठवड्यांनी ‘जमलं की फसलं’ असा निकाल लावू नका, फक्त पाहणी करा.

पहिल्या पानावरची पाच विधानं पुन्हा सोडवा आणि बेरीज शेजारी लिहा. मग तिसरा रकाना वरपासून वाचा: पहिल्या आठवड्यात वाईट वाक्यानंतर काय करत होता, आता काय करता? चालण्याचे दिवस, चुकलेल्या गोळ्या, झोपेचे तास, मोजत असाल तर रक्तदाबाच्या नोंदी. बेरीज फारशी हलली नसेल पण गोळ्या वेळेवर जात असतील, तर मी ते चांगलं चाललं आहे असं म्हणेन. ज्या पायरीचा काहीच उपयोग झाला नाही ती काढून टाका. तीन चांगल्या गोष्टी लिहिणं मला कधीच रुचलं नाही, ते मी सोडलं. जर-तरचा कागद ठेवला.

बेरीज अजूनही १३ च्या खाली असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला असेल, झोप किंवा भूक दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडलेली असेल, तर डॉक्टरांची वेळ घ्या. थायरॉइडचा त्रास, रक्तातलं हिमोग्लोबिन किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी होणं, काही औषधांचे दुष्परिणाम, यांनीही माणूस असाच मलूल आणि उदास होतो, आणि ते तपासणीतूनच कळतं. जाताना औषधांची यादी, जुने रिपोर्ट आणि वहीतली गेल्या दोन आठवड्यांची पानं सोबत न्या. ‘मला बरं वाटत नाही’ एवढंच सांगण्याऐवजी ‘दहा दिवस पहाटे चारला जाग येते, त्यानंतर झोप लागत नाही, दुपारपर्यंत कशातच लक्ष लागत नाही’ असं पानावरून वाचून दाखवा. पुढचे प्रश्न विचारणं त्यांना सोपं जाईल.